आम्ही खाल्लेला दस्तऐवज

माझ्या वहिनीला दोन नावं आहेत आणि त्यातलं दुसरं मी ठेवलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. आज मी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात फायली सांभाळते, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढतो, आणि आपल्याला फारसं काही कळत नाही एवढं मात्र पक्कं कळून चुकलं आहे.

दादाचं लग्न झालं तेव्हा आमच्याकडे सुनेचं नाव बदलायची पद्धत होती. नवी सून घरी आली की लक्ष्मीपूजनाला बसवायची, समोर ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने बोटातल्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं आणि मग पेढे वाटायचे. वहिनीचं माहेरचं नाव चांगलं होतं, दोन अक्षरांचं, तिच्या आजीवरून ठेवलेलं. मला ते फारच जुनाट वाटलं. मासिकांतल्या गोष्टींच्या नायिका शोधून मी सात नावांची यादी केली, त्यातलं एक लांबलचक नाव ठरवलं आणि दादाच्या मागे लागले. दादा म्हणाला, "ठेव तुले काय ठेवायचं ते." त्याला नावापेक्षा अंगठीची काळजी होती, कारण ती सासरहून घट्ट आली होती आणि बोटातून निघत नव्हती.

दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. ती आधीच पुष्कळ कागदांवर फिरून आली आहेत.

वहिनी नर्स. लग्नाआधी नागपूरला तिने रीतसर शिक्षण घेतलं होतं, म्हणजे प्रमाणपत्रावर माहेरचं नाव. लग्नानंतर काही वर्षं तिने रायपुरात काम केलं, मग दादाला परदेशात नोकरी लागली आणि ती दोघं गेली. पासपोर्टवर अर्थातच मी ठेवलेलं नाव. तिकडे ती बाळंतिणींच्या वॉर्डात लागली आणि पंचवीस एक वर्षं तिने परक्या देशातली पोरं जगात आणली. एकदा तिकडच्या बाजारात तिच्यासोबत गेले होते, तर दर दहा पावलांना कोणीतरी दांडगा मुलगा वाकून तिच्या गळ्यात पडायचा. मी विचारलं, हा कोण? ती म्हणायची, "हा पायाळू होता. फार छळलं याने."

दोन-तीन वर्षांपूर्वी तिथे नियम बदलले. सगळ्या नर्सची प्रमाणपत्रं नव्याने, थेट मूळ कॉलेजकडून तपासून घ्यायची ठरली. कॉलेजला वहिनीचं आताचं नाव विचारलं गेलं आणि कॉलेजने अगदी खरं उत्तर दिलं, की या नावाची कोणी बाई आमच्याकडे शिकलेली नाही. झालं. दुसऱ्याच कोणाच्या प्रमाणपत्रावर ही इतकी वर्षं काम करते आहे की काय, असा संशय आला आणि वहिनीची नोंदणी थांबवली. नोंदणी नाही म्हणजे वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही.

तिचा फोन आला तेव्हा ती आधी हसली. "ताई, मी मीच आहे हे आता मला सिद्ध करायचंय," म्हणाली. मग हसता हसता रडायला लागली. माझी वहिनी रडणाऱ्यांपैकी नाही. स्वतःच्या बाळंतपणातही तिने डॉक्टरला सूचना दिल्या होत्या. तिचं रडणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण हा सगळा घोळ माझ्या त्या सात नावांच्या यादीतून निघाला होता.

नाव बदलल्याचा एखादा कागद असेल की, असं कोणीही म्हणेल. होता. दादाने जाताना प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं आणि तिकडे तीन घरं बदलताना ते व्यवस्थित हरवलं होतं. लग्नाचा दाखला होता, पण तो पासपोर्टच्या वेळी काढलेला, नव्या नावाचा. लग्नपत्रिका मिळाली. आईच्या ट्रंकेत तळाशी अंथरली होती, तिच्यावर जुनं नाव. म्हणजे एका कागदावर एक बाई, दुसऱ्या कागदावर दुसरी, आणि दोघींचा नवरा एकच. अल्बममध्ये तांदळाच्या ताटाचा फोटोही निघाला. मी हर्षाने जोरात ओरडले. मग नीट पाहिलं, तर ताट होतं, तांदूळ होते, दादाचं बोट होतं, आणि नेमकं नावाच्या जागी दोन लाल रिबिनी बांधलेलं एक डोकं आडवं आलं होतं. ते माझं. आपण ठेवलेलं नाव दादा बरोबर लिहितो की नाही, हे पाहायला मी वाकले होते.

वहिनी तिथल्या कोर्टात गेली. तिच्या वकिलांनी सांगितलं, की पुरावा आहे तो रायपुरात आहे, आणि सांगू शकणारी सासू चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तेव्हा तिथल्या कोर्टाने आपल्या कोर्टाला विनंतीचं पत्र पाठवलं. अशी एक रीत आहे हे मला तेव्हाच कळलं. शेजारणीने भिंतीपलीकडून हाक मारून "तुमच्या घरात अमुक आहे का बघा ना जरा" म्हणावं, तसं एका देशाचं न्यायालय दुसऱ्या देशाच्या न्यायालयाला म्हणतं, फक्त फार अदबीने आणि शिक्के मारून. ते पत्र दिल्लीला आलं, दिल्लीहून बिलासपूरच्या हायकोर्टात गेलं, आणि हायकोर्टाने रायपूरच्या एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांना कमिशनर नेमलं. त्यांनी आईची साक्ष घ्यायची, नाव बदलल्याबद्दल घरात जे काही दस्तावेज असतील ते हजर करून घ्यायचे, आणि सगळं सीलबंद करून परत पाठवायचं. फायलींमध्ये आयुष्य घालवलेली बाई मी, पण समुद्र ओलांडून आमच्या समता कॉलोनीच्या दारात आलेली फाईल पहिल्यांदा पाहिली. मला तिचं कौतुकच वाटलं.

आईने ती नोटीस माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"दस्तावेज म्हंजे काय वं?"

"कागद. नाव बदलल्याचा कागद."

"नाव तांदळात लिहितेत. कागद कायले लागते?"

कमिशनरसाहेब राहायचे शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबांध्याच्या पुढे. आईचे गुडघे पाहता त्यांनी स्वतःच घरी यायचं कबूल केलं. तारीख ठरली तशी आईची वेगळीच तयारी सुरू झाली. तिच्या दृष्टीने जज्जसाहेब घरी येणार म्हणजे पाहुणा येणार. दोन दिवस आधी तिने मला बसवून भाजक्या पोह्यांचा चिवडा करून घेतला. शेजारच्या दीदींकडून बेसनाची खारी ठेठरी आणि गोड खुरमी आली, कारण साहेब इथले छत्तीसगढ़चे, त्यांना त्यांच्या सवयीचं काही मिळालं पाहिजे. मी कुरकुरले, की आई, ही साक्ष आहे, पंगत नाही. आई म्हणाली, "मंग उपाशीच साक्ष घेतीन काय ते?"

त्या सकाळी मी पोटमाळ्यावरून पाहुण्यांचं मोठं स्टीलचं ताट काढलं, पुसलं, चिवड्याचा डोंगर रचला, कडेने ठेठरी-खुरमी मांडली आणि बैठकीत टेबलाच्या मधोमध ठेवलं. चष्मा तेव्हा फ्रिजवर होता.

साहेब वेळेवर आले. उंच, शांत, बोलणं मोजकं. सोबत टंकलेखन करणाऱ्या एक बाई, आणि विरुद्ध बाजूने, म्हणजे वहिनीची नोंदणी थांबवणाऱ्यांच्या वतीने, एक तरुण वकील मुलगी. आई मूळची वर्धेकडची; मुलीचं आडनाव ऐकून तिचे डोळे चमकले.

"आपल्याकडची आहे का तू? वर्धेची?"

"जी, दादाजी वर्धा से आए थे. मराठी समझती हूँ आंटी, बोल नहीं पाती."

"समजते ना, मंग झालं," आई म्हणाली आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. साक्षीदाराच्या घरचं काही घेता येणार नाही, ते योग्य दिसणार नाही, असं त्यांनी अगदी मृदूपणे हिंदीत सांगितलं. वकील मुलीने पुढे केलेला हात मागे घेतला. टंकलेखनाच्या बाईंनी खुरमीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. आईचा चेहरा पडला. तिच्या आयुष्यात तिच्या दारी येऊन कोणी तोंडात काही न घालता बसलं नव्हतं, आणि आता तिघं बसणार होती. ताट तसंच टेबलावर राहिलं. फायली त्याच्या दोन्ही बाजूंना लागल्या.

आईला शपथ दिली. तिकडून आलेले प्रश्न इंग्रजीत छापलेले होते. साहेब ते हिंदीत विचारायचे, आई तिच्या मराठीत उत्तर द्यायची, मध्ये हिंदी मिसळायची, मग साहेब इंग्रजीत सांगायचे आणि बाई टाइप करायच्या. असा एकेक प्रश्न तीन भाषा फिरून कागदावर बसत होता. आईने सुरुवात वहिनीला पाहायला गेले त्या दिवसापासून केली. मुलीने पोहे कसे केले होते, तिच्या बापाला खोकला कसा होता, दादाने चहा कसा सांडला. साहेबांनी एकदाही घाई केली नाही.

"सुनेचं नाव कोणी बदललं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी भिंतीपाशी बसल्या बसल्या म्हटलं.

"आपसे नहीं पूछा गया," साहेब म्हणाले.

"हव, हिनंच बदललं," आई म्हणाली. "सोळा वर्साची होती. तवा फार शायनी होती."

तेही टाइप झालं. परदेशातल्या एका न्यायालयात माझा शहाणपणा आता कायमचा नोंदलेला आहे.

मग वकील मुलगी उठली. आवाज गोड, पण प्रश्न धारदार. पत्रिकेवर एक नाव, दाखल्यावर दुसरं. या दोन वेगळ्या स्त्रिया नाहीत कशावरून? तुमच्या मुलाची दोन लग्नं झाली नाहीत कशावरून?

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय विचारून राहिली? माह्या पोराची दोन लग्नं?"

"आंटी, पूछना पड़ता है."

"अवो, त्याले एक बायको सांभाळता नाकी नऊ आले! दुसरी तो कवा करन? त्याले सकाळी मोजे सापडत नाही!"

टंकलेखनाच्या बाईंचे खांदे हलायला लागले. साहेबांनी छताकडे पाहत मजकूर सांगितला, की साक्षीदाराच्या मते तिच्या मुलाची दुसरा विवाह करण्याची क्षमता नाही. मला हसू आवरेना. ही सगळी मजा होती, पण वहिनीच्या कामाचं काय व्हायचं ते याच कागदांवर ठरणार होतं आणि अजून हाती काही लागलं नव्हतं.

"नाव बदललं तेव्हा काही लिहिलं होतं का?" साहेबांनी पुढचा प्रश्न घेतला.

"लिहिलं ना जी. म्याच ताट मांडलं होतं. तांदळावर लिहिलं माह्या पोरानं, सोन्याच्या आंगठीनं."

"वह चावल कहाँ है?"

आईला प्रश्नच कळला नाही. साहेबांनी पुन्हा विचारला. आदेशात स्पष्ट होतं, ज्यावर नाव लिहिलं गेलं असेल ते हजर करावं.

"खाल्लं ना जी," आई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी खीर केली. नावाचे तांदूळ फेकत नाहीत. हिनं दोन वाट्या खाल्ली."

मग साहेबांनी घसा साफ केला आणि शांतपणे सांगितलं, की सदर दस्तऐवज कुटुंबीयांनी दुसऱ्या दिवशी सेवन केला असून आता उपलब्ध नाही. बाईंची बोटं थांबली. "सर, सेवन?" त्यांनी विचारलं. "लिखिए," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

दुपारचा एक वाजला. प्रश्न संपले. पत्रिका आणि फोटो त्यांनी घेतले, पण वकील मुलीने नोंदवून ठेवलं, की दोन्ही नावं एकत्र असलेला कोणताही दस्तऐवज हजर झालेला नाही. खरं होतं ते. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता, तरी मी मनातल्या मनात थोडा काढला.

"म्या सांगितलं ते खोटं आहे काय?" आईने साहेबांना विचारलं. तिचा आवाज थकला होता.

"नहीं अम्मा. आपका कहा एक-एक शब्द लिखा है. पर उनको लिखा हुआ चाहिए. दोनों नाम, एक जगह."

बाई कागदांची शेवटची जुळणी करत होत्या, सह्या तेवढ्या बाकी होत्या. मला तिथे बसवेना. मी ते कोणी न शिवलेलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात आले. फ्रिजवरचा चष्मा नाकावर चढवला, कारण डोळे पुसण्यासाठी चष्मा काढायचा तरी तो आधी लावलेला असावा लागतो, आणि मी रडणार होते हे नक्की होतं. चिवडा डब्यात ओतायला ताट तिरकं केलं. पोहे घसरले, दाणे घसरले, खोबऱ्याचे काप घसरले, आणि कडेजवळ बारीक बारीक टिंबांची अक्षरं दिसली.

भांड्यांवर नाव घालणारे तेव्हा दारोदार यायचे. ठकठक करत टिंबाटिंबाने अक्षरं पाडायचे. हे ताट वहिनीच्या माहेरून आलेलं. तिच्या बाबांनी त्यावर तिचं पाळण्यातलं नाव घालून दिलं होतं, पुढे लग्नाची तारीख. आणि त्याच्या बरोबर खाली, थोड्या वेगळ्या हाताने पाडलेलं, दुसरं नाव, मी ठेवलेलं. त्याच्याही पुढे तारीख.

तांदूळ ज्या ताटात पसरले होते तेच हे ताट. नाव आम्ही खाऊन टाकलं होतं आणि ताट सकाळपासून तिघांच्या नाकासमोर पडलं होतं. फोटोत त्या नावावर माझं डोकं आलं, आणि आज माझा चिवडा.

मी ताट घेऊन पळत बाहेर आले. अंगावर पोहे, हातात ताट. साहेब पेनचं टोपण काढून सही करायच्याच बेतात होते.

"थांबा!" मी ओरडले. माझ्या कार्यालयात कोणी सहीच्या वेळी असं ओरडलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

"ताटाचं कोनं विचारलं? तुमी तर कागदच मागून राहिले," आई म्हणाली. साहेबांनी ताट हातात घेतलं. खिडकीपाशी नेलं. पिशवीतून भिंग काढून बराच वेळ पाहिलं.

"पर सर, यह तो बर्तन है," वकील मुलगी म्हणाली. "दस्तावेज नहीं."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि माझी खात्री आहे, सकाळपासून त्यांना एवढा आनंद झाला नव्हता. आपल्या पुराव्याच्या कायद्यात दस्तऐवज म्हणजे फक्त कागद नाही, ते म्हणाले. धातूवर कोरलेला मजकूर, दगडावर कोरलेला मजकूर, हाही दस्तऐवजच. पहिल्या वर्षाला शिकवतात. मुलगी लाजली. "जी सर. परीक्षा में आया था."

पण ती हुशार होती, सहजासहजी सोडणारी नव्हती. ही अक्षरं परवा घातलेली नाहीत कशावरून? साहेबांनी तिला भिंग दिलं. टिंबांमध्ये वर्षानुवर्षांची हळद बसली होती आणि अक्षरांवरून घासणीचे ओरखडे गेले होते. ती एवढ्यावर थांबली नाही. आईकडे वळून म्हणाली, असं असेल की ताट पहिल्या बायकोचं होतं आणि नंतर दुसरीला मिळालं?

आई काठी टेकून उठायला लागली. साहेबांनी तिला बसायला सांगितलं आणि तारखा वाचून दाखवल्या. दोन्ही तारखांमध्ये आठ दिवसांचं अंतर होतं.

"आठ दिवसांत?" आई म्हणाली. "आठ दिवसांत पयली गेली अन् दुसरी आली? अवो बाई, आठ दिवसांत तर मांडवाच्या खुर्च्याही परत गेल्या नव्हत्या!"

मुलगी हसली. अगदी मोकळी, तोंडावर हात ठेवून. "नो फर्दर क्वेश्चन," ती म्हणाली आणि खाली बसली.

पण साहेबांनी एक प्रश्न स्वतःहून विचारला. नवं नाव घालायचं होतं तर जुनं का नाही मिटवलं? ठोकून सपाट करता आलं असतं.

आईने थोडा विचार केला. "मिटवायचं काहून? तिच्या बापानं हौसेनं घातलं होतं. या दोघा भाऊ-बहिणीनं नाव बदललं. म्या नाही बदललं. म्या फक्त खाली जोडलं."

साहेबांनी हे वाक्य इंग्रजीत सांगायला बराच वेळ घेतला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सोळाव्या वर्षी मी जे केलं ते आईने त्याच आठवड्यात, मला काही न बोलता, दुरुस्त करून ठेवलं होतं, आणि मला ते कळायला एवढी वर्षं लागली.

ताट पांढऱ्या कापडात शिवलं गेलं, लाखेचा शिक्का बसला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. आईने शेवटचा प्रयत्न केला. साहेबांनी वकील मुलीला विचारलं, की आता साक्ष संपली आहे, आपली काही हरकत? तिने हरकत नसल्याचं सांगितलं. मग त्यांनी उभ्या उभ्या एक ठेठरी घेतली. चिवडा आता डब्याच्या झाकणात वाढावा लागला, कारण ताट पुराव्यात गेलं होतं. टंकलेखनाच्या बाईंनी दोनदा घेतला. वकील मुलगी जाताना दारात वळून म्हणाली, "येते, आजी." तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं मराठी वाक्य असावं.

निकाल यायला पुढे बरेच महिने गेले. आईला एकच चिंता. "भरलं ताट गेलं असतं तर बरं. रिकामं पाठवलं आपण परदेशात." मी म्हणायची, आई, ते कोर्टात गेलं आहे, शेजारी नाही. मग एका दुपारी दादाचा फोन आला आणि तो फक्त "झालं, झालं, झालं" असं म्हणत राहिला. तिथल्या कोर्टाने मान्य केलं होतं, की दोन्ही नावांची बाई एकच. वहिनी पुढच्या आठवड्यात वॉर्डात परतली. आईने दादाला विचारलं, "अन् ताट?"

ताट वहिनीनेच आणलं. या हिवाळ्यात ती रायपूरला आली तेव्हा सामानात न टाकता मांडीवर घेऊन आली. मागे कोर्टाची चिठ्ठी चिकटलेली तशीच होती. आईच्या पलंगावर बसून तिने कापड सोडलं, तर ताट रिकामं नव्हतं. त्यात हळद-कुंकवाची दोन बोटं होती आणि तिचं नवं नोंदणीपत्र होतं, दोन्ही नावांचं, एक वर आणि एक खाली. आईने ते पत्र हाताने चाचपलं. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नाही, पण दोन ओळी आहेत एवढं तिला धूसर दिसलं.

दुपारी स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "वहिनी, माफ कर. नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ताटावर वाकल्या होतात, कान लाल झाले होते तुमचे." ती कांदा चिरत होती. "ते नावही माझंच आहे आता, ताई. तिकडे कळा देणाऱ्या बायका त्याच नावाने मला हाका मारतात. पण खरं सांगू? आधीचं नाव कोर्टात वकिलाने मोठ्याने वाचलं ना, तेव्हा मी दचकले. बाबा गेले, आई गेली. त्या नावाने हाक मारणारं आता कोणीच उरलं नाही."

मी बैठकीत गेले, दाराआड उभी राहिले, आणि संध्याकाळी खेळायला गेलेल्या मुलीला घरी बोलवावं तशी, मोठ्याने, तिच्या दोन अक्षरी नावाने हाक मारली.

"ओ! आली!"

एक क्षणही मध्ये गेला नाही. सुरी खाली ठेवल्याचाही आवाज आला नाही, आधी ओ आला. सत्तावन्न वर्षांच्या माझ्या वहिनीचा तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

आतल्या खोलीतून आईने विचारलं, "कोन पोट्टी आली वं घरात?"